दुर्बिणीची भीती घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत, वजन जास्त असलेल्या बायकांनी गर्भपिशवीच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया टाळावी, असे बेधडक छापले आहे. वाचून संताप आला. लेखात ज्या २०१८च्या अभ्यासाचा आधार आहे, तो गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा. तिथे दुर्बिणीनंतर आजार जास्त उलटला, हे खरे. वजनाशी घट्ट नाते आहे ते पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगाचे. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या ७६० जणींचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजाराविना असलेल्या बायका दुर्बिणीच्या गटात ८१.६ टक्के, पोट उघडलेल्या गटात ८१.३.

उंची १५० सेंटिमीटर, वजन ९० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ४०. अशा बाईचे पोट उघडले की चरबीचा जाड थर कापला जातो. चरबीला रक्तपुरवठा कमी, जोडीला बहुधा मधुमेह. आत पाणी साचते, टाके उसवतात. पोटाच्या घडीखालची जखम आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात कोरडी ठेवून बघा! आणि जखम चिघळली की पुढचे रेडिएशन लांबते.

दुर्बीणही सोपी नाही. डोके खाली झुकवून पोटात गॅस भरला की सगळा भार छातीच्या पडद्यावर येतो, व्हेंटिलेटरचा दाब चढतो. म्हणून गॅस भरण्याआधी काही मिनिटे झुकवून बघायचे, मग गॅसचा दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरवरून १०-१२वर आणायचा. टेबल किती किलो पेलते ते आधी विचारायचे, घसरू न देणारी गादी घालायची. पिशवी तुकडे न करता अखंड, योनीमार्गानेच काढायची. तुकडे केले तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडतात. भूल झेपतच नसेल, तर पिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबी हा तात्पुरता मार्ग आहे.

त्याच पानावरच्या चौकटीत 'आधी वजन उतरवा, मग शस्त्रक्रिया' असा सल्ला आहे. त्यात महिने जातात, कर्करोग थांबत नाही. त्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांबद्दल चार ओळी हव्या होत्या. परळहून शस्त्रक्रिया करून दापोली-गुहागरला परतणाऱ्या बाईने वाटेत दर तासाला उतरून चालायला हवे, आणि डॉक्टरांनी गुठळ्या रोखणारी इंजेक्शने २८ दिवस लिहून दिली असतील तर बरे वाटले म्हणून आठव्या दिवशी बंद करू नयेत.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

— एक भूलतज्ज्ञ, चिपळूण