आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: अणुभट्टी पेटण्याआधी आमचं दूध, पाणी आणि आजार मोजून ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी शिराळा तालुक्यातला, वारणा खोऱ्यातला दूध उत्पादक शेतकरी. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं म्हणतात, तो कोकणचा प्रश्न, आपला काय संबंध? संबंध आहे. तो आरोग्याचा आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय.

प्रकल्पाची जागा असलेल्या माडबनच्या सड्यापासून आमचं चांदोली धरण सरळ रेषेत साधारण 80 किलोमीटर, आणि ते बरोबर ईशान्येला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात, सह्याद्रीला थडकतात आणि आमच्याच डोक्यावर रिकामे होतात. चांदोलीच्या वरच्या डोंगरातल्या पाथरपुंज गावाला कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यावर 34 टीएमसीचं चांदोली भरतं, पलीकडे पाटण तालुक्यात 105 टीएमसीचं कोयना भरतं. खाली वारणाकाठ, कृष्णाकाठ ते पाणी पितो. अणुवीज केंद्राभोवती आणीबाणीच्या तयारीसाठी मात्र 16 किलोमीटरचं वर्तुळ आखतात. ढगाला हे वर्तुळ कळत नाही.

चेर्नोबिलची अणुभट्टी 26 एप्रिल 1986 ला फुटली. तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या वेल्सच्या डोंगरात त्या दिवसांत जोराचा पाऊस झाला आणि ढगातलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर उतरलं. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आलेले निर्बंध पूर्णपणे उठले ते 2012 साली. मैदानातली शेती सुटली, डोंगरातले मेंढपाळ अडकले. आमचा मुलूख डोंगराचा आहे, साहेब, आणि गुरं पावसाळाभर हिरव्या गवतावर असतात.

दुधाचं तर आणखी वाईट. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडतं, गाय ते खाते, दोन-तीन दिवसांत ते धारेत उतरतं आणि पोरांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतं. ते आठ दिवसांत निम्मं होतं, पण तेवढ्यात नुकसान होऊन जातं. चेर्नोबिलच्या आसपास दूध वेळेवर थांबवलं नाही. तेव्हा लहान असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे सहा हजारांहून जास्त रुग्ण निघाले. आमच्या डेअरीत रोज पहाटे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतात, पॉइंटभर कमी लागलं तरी दर कापतात. किरणोत्सार मोजायची सोय मात्र तिथं नाही. अशी वेळ आलीच, तर संकलन थांबवायचा हुकूम कोण, कुणाला, किती तासांत देणार?

अपघात रोज होत नाहीत, हे मान्य. रोजच्या कामात बाहेर पडणारा किरणोत्सर्ग थोडा असतो. सामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा आहे, निसर्गातून आपल्याला त्याहून जास्त मिळतो. तरीही जर्मनीत 16 अणुवीज केंद्रांभोवती केलेल्या मोठ्या अभ्यासात, पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ब्लड कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट दिसला. मोजलेल्या किरणोत्सर्गातून एवढी वाढ होऊ नये, असं तज्ज्ञच म्हणाले. कारण ठरलं नाही. पण वाढ दिसली, ती तिथं मुलांच्या कॅन्सरची नोंद वर्षानुवर्षं ठेवलेली होती म्हणून.

इथं माझी खरी मागणी आहे. आमच्याकडं माणसाचं निदान मिरजेत होतं, ऑपरेशन कोल्हापुरात, पुढचे उपचार मुंबईत. तो गेला की ग्रामपंचायतीच्या दप्तरात मृत्यूची एक ओळ. गावात दहा वर्षांत किती जणांना कॅन्सर झाला, कुठला झाला, कुणी सांगू शकत नाही. उद्या कुणी म्हणालं वाढला, तर सरकार म्हणेल पुरावा द्या. कुणी म्हणालं वाढला नाही, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालू आहे. तसलीच, गावोगाव फिरून केलेली नोंदणी जैतापूरचा राजापूर, आमचा शिराळा आणि कोयनेचा पाटण या तालुक्यांत हवी. ती आत्ताच हवी, कारण जैतापूरला अजून अणुभट्टी उभी नाही. एकदा ती पेटली की आधीचा आकडा पैसे टाकूनही मिळत नाही.

सोबतच चांदोली आणि कोयनेचं पाणी, आमचं दूध, घाटमाथ्यावरची माती यांचे नमुने घेऊन आकडे जाहीर करा. अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा असते, ती नमुने तपासते, पण ते आसपासचे. घाटाच्या या बाजूचे नमुने राज्यानं मागून घ्यावे लागतील. थायरॉईडमध्ये किरणोत्सारी आयोडीन शिरू न देणाऱ्या साध्या आयोडीनच्या गोळ्या स्वित्झर्लंडमध्ये अणुवीज केंद्रांपासून 50 किलोमीटरपर्यंत घरपोच दिलेल्या आहेत. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना निदान त्या कधी आणि किती द्यायच्या, याचं प्रशिक्षण द्या. किरणोत्सर्ग पोहोचण्याच्या थोडं आधी किंवा लगेच काही तासांत घेतली तरच गोळीचा उपयोग होतो. ती जिल्ह्याच्या गोदामात पडून राहिली, तर काय कामाची?

प्रकल्प व्हावा की होऊ नये, हे ठरवायला केंद्र सरकार बसलंय. नोंदणीचा आदेश मात्र तुमच्या खात्याच्या अखत्यारीतला आहे. तो या पावसाळ्याआधी काढावा, ही विनंती.

आपला,
वारणा खोऱ्यातील एक दूध उत्पादक
ता. शिराळा, जि. सांगली