सरसकट ‘बंद करा’ लिहू नकोस

नौपाडा, ठाणे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. आकडे बहुतेक बरोबर आहेत, रागही रास्त आहे. पण शेवटच्या पानावर ‘श्रीमंतांच्या सर्व करसवलती व अनुदाने रद्द करावीत’ एवढं एकच वाक्य टाकून तू मोकळी झालीस, आणि परीक्षक तुला नेमकं तिथेच धरतील. सवलत रद्द करायची म्हटली की तिच्या बचावाला मध्यमवर्ग पुढे येतो आणि खरा लाभार्थी त्याच्या मागे उभा राहतो. आपल्याकडे अलीकडे ज्या पळवाटा बुजल्या, त्यांतल्या मोठ्या कमाल मर्यादा घालून बुजल्या आहेत. निबंधाचा कणा तो कर.

८०सीचं, म्हणजे १९६१च्या आयकर कायद्यातल्या बचत-गुंतवणुकीची रक्कम उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या कलमाचं, उदाहरण घेतलंस ते चांगलं, पण हिशेब अर्धाच मांडलास. जुन्या करप्रणालीत दीड लाख गुंतवले तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे उपकरासह (कराच्या रकमेवरचा जादा आकार) ४६,८०० रुपये वाचतात आणि २० टक्क्यांवाल्याचे ३१,२००. पाच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याचा कर कलम ८७एच्या करसवलतीमुळे आधीच शून्य, त्यामुळे त्याला छदामही नाही. वजावट ही चीजच अशी उलटी चालते. नव्या प्रणालीत ८०सी नाही हे तू लिहिलंस, पण तिथे काय शिल्लक आहे ते लिहिलं नाहीस. भांडवली नफ्याचे, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरचे, कमी दर आहेत, घर घेतल्यावरची कलम ५४एफची सूट आहे, विम्याच्या मुदतपूर्तीची माफीही आहे. नोकरदाराची छोटी सवलत गेली आणि मालमत्तावाल्याची मोठी राहिली. हे वाक्य तुझ्या निबंधात हवंच.

दरांतली तफावत अशी मांड. नव्या प्रणालीत पगारावर सर्वांत वरचा दर अधिभार (मोठ्या उत्पन्नवाल्यांच्या करावरचा जादा कर) आणि उपकर धरून ३९ टक्के पडतो. वर्षाहून अधिक ठेवलेले सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर विकले तर २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, त्यावर अधिभार १५ टक्क्यांपुढे जात नाही. उपकरासह फार तर १४.९५.

आता ५४एफ. शेअर किंवा भूखंड अशी घराव्यतिरिक्त दीर्घकालीन मालमत्ता विकून आलेल्या पैशात एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत, आणि विक्रीच्या दिवशी आधीची घरं एकापेक्षा जास्त नसावीत. पूर्वी घराच्या किमतीला मर्यादाच नव्हती. ६० कोटींना शेअर विकले, नफा ५० कोटी, आणि ६० कोटींचा फ्लॅट घेतला की कर शून्य. २०२३च्या अर्थसंकल्पाने १० कोटींची मर्यादा घातली. तुझी चूक इथे आहे: तू ५० मधून सरळ १० वजा केलेस. ५४एफमध्ये सूट प्रमाणात मिळते. नफा गुणिले गुंतवणूक, भागिले विक्रीची निव्वळ रक्कम, म्हणजे ५० × १० ÷ ६० = ८.३३ कोटी. उरलेल्या ४१.६७ कोटींवर अधिभार-उपकरासह सुमारे ६ कोटी २३ लाख कर येतो. घरच विकून घर घेतलं तर ते कलम ५४, तिथे प्रमाणाचं सूत्र नाही. दोन्ही कलमं एकाच परिच्छेदात कोंबू नकोस.

मर्यादा घातली तरी गळती राहतेच. १० कोटी हे माणशी आहेत. पत्नीच्या नावावर शेअर केले तर तिचा नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, पण सज्ञान मुलांना बक्षीस दिले तर तसं नाही, आणि नातेवाइकाकडून आलेल्या बक्षिसावर कर नाही. दोन मुलं असली की आणखी दोन मर्यादा तयार. (हुरळून जाऊ नकोस, आपल्याकडे शेअर नाहीत.) म्हणून मर्यादा कुटुंबागणिक मोजावी का, हा प्रश्न तरी मांड.

दुसरी गळती तारखेची, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १ फेब्रुवारी २०२३ला जाहीर झालं की वर्षाला पाच लाखांवर हप्ता असलेल्या विमा पॉलिसींची मुदतपूर्तीची रक्कम करपात्र होणार, पण फक्त १ एप्रिलपासून काढलेल्यांची. मधले दोन महिने मोठ्या पॉलिस्यांची विक्री जोरात झाली. युलिपला (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) वार्षिक हप्त्याची अडीच लाखांची मर्यादा २०२१च्या अर्थसंकल्पात आली, तेव्हा तारीख त्याच दिवसाची, १ फेब्रुवारी होती. पळायला वेळच नव्हता. भविष्य निर्वाह निधीत कर्मचाऱ्याच्या वार्षिक अडीच लाखांपुढच्या भरण्याचं व्याज २०२१-२२पासून करपात्र झालं, मात्र ३१ मार्च २०२१पर्यंत साठलेल्या रकमेला हात लावला नाही. ज्यांनी आधीच कोट्यवधी भरून ठेवले होते, त्यांचं त्या रकमेवरचं व्याज आजही करमुक्त आहे.

शेतीचा परिच्छेद छोटा कर. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिलाय, केंद्राला दोष देऊन भागणार नाही. ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि ‘ग्रामीण’ची मोजपट्टी आहे शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन, सहा किंवा आठ किलोमीटर. दहा लाखांवर लोकसंख्या असेल तर आठ, म्हणजे ठाण्याला आणि नवी मुंबईला आठच. मुरबाड-शहापूरकडचे ‘फार्महाउस प्लॉट’ या नियमासमोर ठेवून बघ.

अनुदानांत स्वयंपाकाच्या गॅसचं उदाहरण घे. २०१६पासून स्वतःचं किंवा जोडीदाराचं करपात्र उत्पन्न दहा लाखांवर असलेल्यांचं अनुदान थांबवलं, पण स्वयंघोषणेवर. आणि शब्द ‘करपात्र’, त्यामुळे करमुक्त शेती उत्पन्नवाला मोठा बागायतदार आपोआप सुटला. पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज अनुदानात १८ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना २०० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचं घर चालायचं, म्हणजे २,१५० चौरस फूट. खारघरमध्ये एवढं घर कोण घेतं ते तूच बघ. मर्यादा इतकी उंच ठेवली की ती असून नसल्यासारखीच.

मुंबईच्या वेशीवरच्या ऐरोली, वाशी, आनंदनगरच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४पासून हलक्या गाड्यांना टोल नाही. ४५ रुपये वाचले ते कारवाल्यांचे, लोकलने जाणाऱ्याला काही नाही, आणि वाशीच्या घाऊक बाजारातून मुंबईत माल नेणारा मोठा ट्रक अजून टोल भरतो. हे बाबांना दाखवू नकोस, ते रोज कारने जातात.

एक उदाहरण तुझ्याकडून सुटलंय. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला एकरकमी वाहन कर किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के. पण एकूण कराला कमाल मर्यादा आहे, पूर्वी २० लाख, १ जुलै २०२५पासून ३० लाख. तीन कोटींच्या गाडीचा १३ टक्क्यांनी ३९ लाख व्हायला हवा, भरावे लागतात ३०. म्हणजे दहा टक्के, सर्वांत स्वस्त कारच्या ११ टक्क्यांहूनही कमी. इथे मर्यादा सवलतीला नाही, कराला घातलीय. हे ५४एफच्या लगेच खाली घाल, आणि एकूण आकड्यांसाठी केंद्राच्या प्राप्ती अंदाजपत्रकातलं करसवलतींच्या महसुली परिणामाचं परिशिष्ट उघड. सुधारलेली प्रत रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई