पट्टा पाठवत नाही, पैसे पाठवतो

अमळनेर,
सोमवार

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू माझा विजेच्या खांबावर चढायचा जुना पट्टा मागितलास, मी नाही म्हटलं, आणि तू "राहू द्या आबा" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. भाकरी ताटात टाकते आणि चुलीकडे तोंड फिरवते. म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं दुसरं सुरू होतं. इथे तरी तुला थांबावं लागेल.

तू हे झाडांचं काम सुरू करतोयस याला माझी ना नाही, हे पहिल्यांदा वाच. शिफ्ट सांभाळून, सुट्टीच्या दिवशी चार पैसे मिळवायचे म्हणतोस, त्यात वाईट काही नाही. जळगावात कॉलन्या वाढल्या, कडुनिंब आणि गुलमोहर घरांच्या वर गेले आणि छाटायला माणूस मिळत नाही, हे तू सांगितलंस ते पटलं. शिरपूरच्या आत्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पोरगा बापावर गेला. मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

आता पट्ट्याचं. तो खुंटीवर टांगलेला तुला चांगला दिसतो, कारण आई दर दिवाळीला पुसते. पण घाम आणि ऊन खाल्लेली पट्टी आतून कधी संपते ते बाहेरून कळत नाही. शिलाईचा दोरा नखाने ओढून बघितला तर निघून येतो. आणि तो आहे कमरेचा. खांबावर दोन्ही पाय रोवून मागे रेलायचं, हात मोकळे ठेवायचे, एवढ्यासाठी तो केलेला. त्यावर माणूस पडला आणि लटकला तर सगळा झटका कंबरेवर आणि मणक्यावर येतो. झाडावर पाय कुठे ठरलेला असतो? तुला मांड्यांतूनही पट्टे जातात तो पूर्ण हार्नेस हवा. त्यावर आयएस 3521 हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला आणि तयार झाल्याचं महिना-साल छापलेलं बघूनच घे. हेल्मेटवर आयएस 2925. दुकानदार म्हणेल सगळं सारखंच असतं. म्हणू दे.

दोराचंही तसंच. गाडीवर माल बांधायचा पिवळा दोर घेऊन चढू नकोस. चढायचा दोर वेगळा, फांदी बांधून खाली सोडायचा वेगळा, आणि दोन्हींचे रंगही वेगळे घे, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. फांदी उतरवताना ज्या दोराने झटके खाल्ले तो पुन्हा अंगाला लावायचा नाही. कापताना नेहमी दोन ठिकाणी बांधलेला राहा: मुख्य दोर, आणि बुंध्याभोवतीचा आखूड पट्टा. करवत कुठल्या दोराला लागेल सांगता येत नाही. आत पोलादी तार असलेला आखूड पट्टाही मिळतो, तो करवतीने पटकन कापला जात नाही. पण ती तार वीज वाहते, हे विकणारा सांगत नाही.

आणि खाली कोण असणार आहे? ते तू सांगितलं नाहीस.

तो महाबळच्या बंगल्यातला फोटो आईने सगळ्या आळीला दाखवला. मी मोठा करून बघितला. काप छान घेतलास. खालून आधी थोडा काप, मग वरून जरा बाहेरच्या बाजूला, आणि शेवटी बुंध्याजवळच्या फुगवट्याला न दुखावता राहिलेला खुंट काढायचा, हे तू कुणाकडून शिकलास माहीत नाही, पण साल कुठे फाटलेली दिसली नाही. आमच्या वेळी आम्ही कोयत्याने सपासप तोडायचो. तारेला मोकळी जागा मिळाली की झालं, झाडाचं काय झालं ते बघायला कोणी थांबत नव्हतं. तू थांबलास. फोटो तसाच ठेवलाय फोनमध्ये.

पण बापू, तो फोटो वरून काढलेला आहे. खाली अंगणात एक अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि तुझी चप्पल दिसते. माणूस कोणी दिसत नाही. आणि चप्पल खाली म्हणजे तू अनवाणी चढलास.

याच्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. ते राहू दे. मशिनचं, म्हणजे पेट्रोलवरच्या चेन करवतीचं बोलू.

तू जे बघून ठेवलंयस ते 58 सीसी, 22 इंची पात्याचं, स्वस्तातलं. मला विचारशील तर ते घेऊ नको. तुला कॉलनीत मिळणाऱ्या फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या. त्याला 14 किंवा 16 इंची पातं पुरतं. लांब पात्याचं टोक मागच्या एखाद्या फांदीला नकळत टेकलं की मशीन उलटं अंगावर उसळतं, आणि ते चेहऱ्याच्या दिशेने येतं. लहान मशीन घे, उसळी आली की चेन थांबवणारा चेन ब्रेक चालतो का ते दुकानातच बघ, आणि ज्याच्या चेन, प्लग, कानस जळगावात मिळतात तेच घे. चेन दोन ठेव. भुसा जाड किसासारखा पडतोय तोवर चेनला धार आहे. पिठासारखा पडायला लागला की थांबून कानस मार, जोर लावू नको. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलं बघ. कुणाला लिटरला 20 मिली लागतं, कुणाला 40, अंदाजाने ओतलं तर पिस्टन जातो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या मशिनच्या टाकीत पेट्रोल ठेवलंस तर कार्बोरेटर साफ करण्यात पुढची सुट्टी जाईल. काम झालं की टाकी रिकामी कर आणि बंद पडेपर्यंत चालव.

आणि पहिला हंगामभर ते मशीन जमिनीवरच ठेव. वर जाताना वाकड्या पात्याची हातकरवत म्यानात घालून ने. चांगली हातकरवत चार इंची फांदी बघता बघता उतरवते. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणारे तू फोनवर बघतोस, त्यांचे व्हिडिओ पुढे कुठे संपतात ते कोणी टाकत नाही.

खरं तर सुरुवातीला वर जायचीच घाई कशाला? लांब दांड्याच्या करवतीने जमिनीवर उभं राहून होईल तेवढंच काम घे. फक्त दांडा अ‍ॅल्युमिनियमचा नको, फायबरचा घे, आणि तोही तारेपासून लांब. ओली फांदीसुद्धा वीज वाहते. फांदी तारेवर टेकलेली असेल, किंवा पडताना टेकण्यासारखी असेल, तर ते काम आपलं नाही, कितीही पैसे देऊ दे. वीज कंपनीला कळवायला सांग. "लाइट गेलेलीच आहे" हे घरमालकाचं बोलणं मानू नको. शेजारच्या घरातलं जनरेटर उलटी वीज लाइनवर सोडतं. आम्ही लाइन बंद केल्याचं परमिट घेऊन, डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज काढून, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय तारेला बोट लावत नव्हतो, आणि तरी छातीत धडधड असायचीच.

लेक्चर झालं ना? आई म्हणते तुम्हाला बोलायला सांगितलं की तुम्ही शिकवायला लागता. डिप्लोमा झालेल्या पोराला मी प्लग आणि कानस सांगतोय. माफ कर. पण पुढचं मात्र वाच.

मृगाच्या आधीची वादळं तुला आठवत असतील. रावेर-यावलकडे केळी आडवी व्हायची आणि इकडे आमचे खांब. रात्री-अपरात्री जीप यायची. मी वर आणि आप्पा खाली, हे ठरलेलं. आप्पा बसायचे नाहीत. बिडी पेटवायचे नाहीत. मान वर करून उभे, आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचे, "बोल रे!" मी "हां आप्पा" म्हणायचं. एकदा पारोळा रस्त्याला वारा इतका होता की माझं "हां" त्यांना ऐकू गेलं नाही, तर त्यांनी मला खाली उतरवलं, तोंड बघितलं, आणि परत वर धाडलं. साहेब चिडला होता. आप्पा म्हणाले, पोरगा बोलला नाही, मी काय करू. घरी आलो की तुझी आई आधी त्यांना चहा द्यायची, मग मला. तू त्यांच्या मांडीवर बसून त्यांची बॅटरी लावायचास आणि विझवायचास, सेल संपेपर्यंत. ते कधी ओरडले नाहीत. आप्पा गेले त्या वर्षी मी वर चढायचं काम सोडून स्टोअरला बदली मागितली. लोक काय काय बोलले ते तुला माहीत आहे.

हार्नेसमध्ये माणूस पडला नाही, नुसता बेशुद्ध होऊन लटकला, तरी काही मिनिटांतच जिवाला धोका होतो. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. त्याला खाली घेणारा माणूस तिथेच, त्याच क्षणी लागतो. दोर सोडता येणारा, दुसरा दोर घेऊन वर जाता येणारा. घरमालकाची आजी खुर्ची टाकून बसली म्हणजे खाली माणूस झाला असं होत नाही. म्हणून तू पहिली खरेदी कोणती असं विचारलंस ना, तर मी म्हणतो माणूस. तुझ्या शिफ्टमधला तो एरंडोलचा पोरगा बरा वाटतो, पोळ्याला आला होता तो. त्याला दिवसाची मजुरी दे, आणि पन्नास रुपये जास्तच दे. हेल्मेट दोन घे. तुझ्या फांद्या त्याच्याच डोक्यावर पडणार.

बाकी थोडक्यात. शेवगा आणि जांभूळ यांच्यावर भरवसा ठेवू नको, फांदी कडकन मोडते. गुलमोहर आतून पोकळ असू शकतो, आधी ठोकून बघ. आग्या मोहोळ दिसलं की गाडी फिरव. वादळात अर्धवट मोडून अडकलेली फांदी ताणात असते, कापल्यावर कुठे झेपावेल सांगता येत नाही. अशी कामं पहिल्या वर्षी घेऊ नको. महापालिका हद्दीत 1975 चा झाडांचा कायदा आहे, "आमच्याच अंगणातलं झाड" म्हणणाऱ्याकडून परवानगीचा कागद घे आणि झेरॉक्स जवळ ठेव. खेड्यातही 1964 चा कायदा आहे, आंबा, चिंच, जांभूळ, अंजन, मोह हे त्या यादीत येतात. पाला बकऱ्यावाले फुकट उचलून नेतील, जाड लाकूड वखारीला. छोटा हत्ती भाड्याने कर, आत्ताच विकत घेऊ नको.

पैसे. 30 हजार शुक्रवारी टाकतो. आईने तिच्या बिशीतलेही दिलेत, तिला कळू देऊ नको की मी सांगितलं. यातून आधी हार्नेस, दोर, हेल्मेट, चष्मा, बूट आणि हातकरवत. उरले तर मशीन. नाही उरले तर मशीन पुढच्या हंगामात, तोवर लागेल तेव्हा भाड्याने आण. पावत्या मला फोटो काढून पाठव. तुझ्यावर विश्वास नाही असं समजू नको. समजलास तरी पाठव.

आई आत्ता मागून वाचून गेली. म्हणाली, "त्याले सांगा, झाडवर एकला चढू नको." म्हटलं तेच चार पानं लिहितोय. ती म्हणे मग एका ओळीत लिहायचं होतं.

सूनबाईला आणि पिंटीला आशीर्वाद. लोणचं मामांबरोबर पाठवतोय, बरणी परत हवी आहे. आणि त्या एरंडोलच्या पोराचा फोन नंबर मला पाठव. तुम्ही कामावर असाल तेव्हा मी तुला फोन करणार नाही, तुझे हात गुंतलेले असतात. त्याला करीन.

तुझा,
आबा