मॉडेल रेल्वेची सुरुवात शंटिंगच्या यार्डापासून व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉडेल रेल्वेच्या छंदाविषयी वृत्तपत्रांत जे काही छापून येते, त्यात बहुधा लांबलचक प्रवासी गाड्या, डोंगर, बोगदे आणि अख्खी खोली व्यापणारी मांडणी यांचेच वर्णन असते. ते वाचून ज्याला या छंदाची ओढ वाटू लागते, तो वाचक दोनच गोष्टींपाशी अडतो. एवढी जागा आणायची कुठून, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि गोल फिरणारी गाडी घटकाभर पाहून झाल्यावर पुढे करायचे काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना चांगले उत्तर आहे आणि ते सहसा कोणी छापत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नवख्याने सुरुवात कारखान्याच्या लहानशा यार्डापासून आणि तेथे वाघिणी (मालडबे) ओढून-ढकलून हव्या त्या जागी लावणाऱ्या, म्हणजेच शंटिंग करणाऱ्या औद्योगिक डिझेल इंजिनापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र असे इंजिन अगदी मंद गतीने, मध्ये न अडखळता चालवणे हीच या प्रकारातली सर्वांत अवघड बाब आहे, हेही त्याला खरेदीच्या आधीच सांगितले गेले पाहिजे.

औद्योगिक शंटर म्हणजे मुख्य रेल्वेच्या नव्हे, तर पोलादाचे कारखाने, कोळशाच्या खाणी, गोद्या, कागद गिरण्या यांच्या स्वतःच्या मालकीची इंजिने. मॉडेलकारांना या बाबतीत सर्वांत समृद्ध सामग्री ब्रिटनने पुरवली आहे. लिंकनची रस्टन अँड हॉर्न्सबी, लीड्समधल्या हन्स्लेट, हडस्वेल क्लार्क आणि जॉन फाउलर, किल्मार्नॉकची अँड्र्यू बार्कले, शेफील्डची यॉर्कशायर इंजिन कंपनी अशा अनेक कंपन्यांनी ही इंजिने बांधली आणि प्रत्येकीची घडण वेगळी ओळखू येते. रस्टनच्या ४८ डीएस या चिमुकल्या चारचाकी इंजिनाची शक्ती त्याच्या नावाप्रमाणे अवघी ४८ अश्वशक्ती होती आणि ती साखळीच्या साहाय्याने चाकांपर्यंत पोहोचत असे. दुसऱ्या टोकाला यॉर्कशायर कंपनीचे ‘जेनस’ हे सहा चाकांचे इंजिन होते. मध्यभागी चालकाची केबिन, तिच्या दोन्ही बाजूंना एकसारखी बॉनेट आणि त्या प्रत्येकात रोल्स-रॉइसचे एकेक डिझेल यंत्र, अशी त्याची रचना. दोन्ही मिळून शक्ती ४०० अश्वशक्ती. ब्रिटिश रेल्वेचे स्वतःचे सुप्रसिद्ध ‘क्लास ०८’ शंटर, ज्याची १९५२ ते १९६२ या काळात ९९६ इंजिने बांधली गेली, ते ३५० अश्वशक्तीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे कारखान्यांकडेही किती दमदार इंजिने असत याची कल्पना येते.

कारखान्यांनी डिझेलकडे वळण्याचे कारण साधे होते. वाफेचे इंजिन कामाच्या कितीतरी आधी पेटवावे लागते आणि नुसते उभे असतानाही ते कोळसा खात राहते. शंटिंगच्या कामात तर निम्मा वेळ वाट पाहण्यातच जातो. डिझेल हवे तेव्हा चालू करता येते, काम नसेल तेव्हा बंद ठेवता येते आणि त्यावर आगवाल्याची गरज राहत नाही. तरीही बदल एका झटक्यात झाला नाही. ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८मध्ये बंद केली, पण काही कोळसा खाणींत ती १९८०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत राबत होती. म्हणून एकाच मांडणीत वाफेचे जुने इंजिन आणि डिझेल शंटर शेजारी शेजारी उभे केले, तर त्यात इतिहासाची मोडतोड होत नाही. ब्रिटिश रेल्वेच्याच ‘क्लास १४’ या डिझेल इंजिनांची कथा तर मॉडेलकारासाठी वरदानच आहे. ६५० अश्वशक्तीची ही ५६ इंजिने स्विंडन येथे १९६४-६५मध्ये बांधली गेली. ज्या किरकोळ मालवाहतुकीसाठी ती बांधली, तीच आटत चालल्याने काही वर्षांतच रेल्वेने ती काढून टाकली आणि त्यांपैकी बरीच खाणींनी व पोलाद कारखान्यांनी विकत घेतली. मुख्य रेल्वेचे इंजिन कारखान्याच्या यार्डात दिसण्याला याहून रास्त सबब कोणती हवी?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘पुढे काय’ याकडे वळतो. यार्डात प्रत्येक हालचालीला कारण असते. मुख्य रेल्वेने अदलाबदलीच्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) वाघिणी आणून सोडलेल्या असतात; त्यांतली भरलेली वाघीण गोदामाच्या फलाटाशी, तेलाची टाकी बॉयलरघरापाशी आणि रिकाम्या वाघिणी परत रवानगीसाठी ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात. या कामाचे सर्वांत नेटके रूप म्हणजे अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकाराची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ ही मांडणी. तिच्यात सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा) दोनच, सायडिंग तीन. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन, आणि पुढच्या आखूड रुळावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्यांची गाडी तयार करायची, एवढाच नियम. पाच वाघिणींचे असे ६,७२० वेगवेगळे क्रम संभवतात, त्यामुळे हा खेळ शिळा होत नाही. १:७६ या प्रमाणात, ज्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते, जुन्या धर्तीची आखूड चारचाकी वाघीण साधारण ८ सेंटिमीटर लांब भरते. म्हणजे सव्वा मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवर हे सगळे यार्ड बसते आणि काम संपल्यावर कपाटावर ठेवता येते. जागेचा प्रश्न येथेच निकालात निघतो.

अवघड भाग यापुढे सुरू होतो आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण उत्साहाने सुरू केलेली अनेक यार्डे याच ठिकाणी सोडून दिली जातात.

कारखान्याच्या आवारातला ताशी ८ किलोमीटरचा वेग १:७६ प्रमाणात उतरवला, तर इंजिनाने एक मीटर अंतर सुमारे ३४ सेकंदांत कापायला हवे. वाघिणींना भिडताना तर पायी चालण्याचा, म्हणजे ताशी ५ किलोमीटरचा वेग पुष्कळ झाला, आणि त्या हिशेबाने एका मीटरला जवळजवळ ५५ सेकंद लागतात. घड्याळ लावून हे एकदा करून पाहावे. एवढ्या मंद गतीत मोटारीला वेगाचा आधार राहत नाही आणि रुळांतून चाकांत येणारा वीजप्रवाह क्षणभर तुटला तरी इंजिन जागच्या जागी थांबते. वेगाने पळणारी लांब गाडी अशा शंभर ठिकाणांवरून खंड न पडता निघून जाते, त्यामुळे तिच्या मालकाला आपल्या रुळांतले दोष कधी कळतच नाहीत.

चारचाकी इंजिन सांध्यावरून जाताना खाली वाकून, डोळे रुळांच्या पातळीवर आणून नीट पाहावे. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला फ्रॉग म्हणतात आणि स्वस्त सांध्यांत तो तुकडा प्लॅस्टिकचा असतो. एका बाजूचे एक चाक त्या प्लॅस्टिकवर आले की त्या बाजूने वीज घेणारे एकच चाक उरते. त्या उरलेल्या चाकाखाली धुळीचा कण असला, किंवा रूळ केसभर खाली गेलेला असला, की संपर्क तुटतो, केबिनमधला दिवा विझतो आणि इंजिन उभे राहते. पुढे बोटाने ढकलावे लागते, आणि ज्या खेळाचा सारा आनंद हात न लावता काम करण्यात आहे, त्याचा तेथेच विरस होतो. यावर खरा उपाय असा: सांधे धातूच्या फ्रॉगचे घ्यावेत आणि सांधा बदलेल त्यासोबत फ्रॉगमधल्या विजेची ध्रुवता (धन-ऋण बाजू) बदलणारा छोटा स्विच सांध्याच्या यंत्रणेलाच जोडावा. इंजिनातून आवाज काढणाऱ्या यंत्रणेवर पैसे घालण्याआधी या दोन सांध्यांवर घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दोष इंजिनाच्या सांगाड्यात असतो. दोन्ही आस (चाकांच्या जोड्यांमधले दांडे) ताठ बसवलेले असतील आणि रूळ किंचित जरी वाकडातिकडा असेल, तर चारांपैकी एक चाक अधांतरी राहतेच. तीन पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, चार पायांचे डुगडुगते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून स्वतः सांगाडा बांधणारे मॉडेलकार एक आस मध्यभागी एका टेकूवर झुलता ठेवतात, जेणेकरून चारही चाके रुळांना धरून राहतील. तयार इंजिन घेणाऱ्याला हे शक्य नसते; त्याने निदान रुळांखालची फळी सपाट राहील आणि तिला बाक येणार नाही याची काळजी घ्यावी, रुळांच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार सोल्डर करावी आणि वीज वाहून नेण्याचे काम रुळांचे तुकडे सांधणाऱ्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर सोडू नये. चाकांवर जमणारी काळी वर्तुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदावर इंजिन चालवून काढता येतात.

तिसरा उपाय मला विशेष आवडतो, कारण त्याला खऱ्या रेल्वेतच आधार आहे. इंजिनाला एक छोटी सपाट वाघीण कायमची जोडायची आणि तिच्याही चाकांतून वीज घ्यायची. हॉर्नबी कंपनीचे ४८ डीएसचे मॉडेल अशाच वाघिणीसह मिळते. ब्रिटिश रेल्वेच्या आखूड डिझेल शंटरांनाही अशी सोबतची वाघीण जोडत असत, कारण इतक्या कमी चाकांचे इंजिन रुळांतील विजेच्या मंडलाला, ज्यावरून सिग्नलमनला मार्गावर गाडी असल्याचे समजते, नेहमी खात्रीने जाणवत नसे. खऱ्या इंजिनाची आणि मॉडेलची अडचण एकच असावी आणि उपायही एकच निघावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

डिजिटल नियंत्रणाबद्दल थोडक्यात. इंजिनात बसवलेला डीकोडर (नियंत्रकाचे संदेश वाचणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) मोटारीचा वेग मोजून तिला एकसारखी फिरवतो, आणि त्याला थोडी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची जोड दिली तर वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालत राहते. लहान इंजिनाच्या बॉनेटमध्ये कपॅसिटरला जागा मिळणे कठीण असते, म्हणून इंजिन निवडतानाच हे पाहून घ्यावे. एकच इंजिन चालवणाऱ्या यार्डाला चांगला साधा नियंत्रकही पुरतो. मात्र रूळ आणि सांधे नीट नसतील, तर ती उणीव कोणताही डीकोडर भरून काढत नाही.

वाघिणी जोडण्या-सोडण्याचा प्रश्न बहुतेकांना फार उशिरा सुचतो. आकडा आणि तीन कड्यांची खऱ्यासारखी साखळी दिसायला अप्रतिम असते, पण ती अडकवायला वरून हात आणि भिंग घेऊन यावे लागते. केडी पद्धतीच्या कपलिंगमध्ये, म्हणजे चुंबकाने सुटणाऱ्या आकड्यांच्या जोडणीत, रुळांखाली बसवलेल्या चुंबकावर गाडी थांबवून किंचित मागे घेतली की आकडे सुटतात, आणि सुटलेल्या वाघिणी तशाच ढकलत हव्या त्या जागी नेऊन सोडता येतात. शंटिंगसाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: हलक्या वाघिणींचे आस पोलादी असतील, तर चुंबक त्यांनाही ओढतो आणि वाघीण आपणहून धक्का खाऊन पुढे सरकते, तेथे चुंबकाला न जुमानणाऱ्या धातूचे आस बसवावेत.

कारखान्याचे आवार म्हणजे दगडी फरशी आणि तिच्यात बुडालेले रूळ, हे दृश्य सर्वांनाच हवे असते. ते करताना फरशी रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खालीच राहिली पाहिजे; ती वर आली तर चाके उचलली जातात आणि रूळ पुसताही येत नाहीत. चाकांच्या कडेसाठी रुळालगत ठेवलेली खाच रंग आणि धूळ साचून भरते, ती अधूनमधून कोरून काढावी लागते. रंगरंगोटीला मात्र इथे पुष्कळ मोकळीक आहे: मालक निराळे म्हणून रंगही निराळे, पुढेमागे पिवळे-काळे तिरपे पट्टे, आणि मुख्य मार्गावर जाण्यास मनाई असलेल्या, केवळ आवारात फिरणाऱ्या जुनाट वाघिणींवर हाताने रंगवलेले क्रमांक.

माझी आपणास विनंती आहे, की छंदविषयक पानावर यापुढे मॉडेल रेल्वेला जागा द्याल, तेव्हा मोठ्या मांडणीच्या छायाचित्राऐवजी दोन सांध्यांच्या अशा एखाद्या यार्डाचा आराखडा मोजमापांसह छापावा, आणि त्याच्यासोबत फ्रॉगच्या तारांची जोडणी दाखवणारी आकृतीही द्यावी. नवख्याला सर्वांत जास्त गरज त्या आकृतीची असते आणि तीच त्याला मराठीत सहजासहजी सापडत नाही.

आपला,
एक नियमित वाचक