उकड्या तांदळाची पिशवी हानलेला पोचली, काका!

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

देवगडला तुमच्या स्टुडिओत आले की मला चार शब्द धड बोलता येत नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लडाखला जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे लांबची लेन्स नव्हती. तुम्ही कपाट उघडलंत, लेन्सना बुरशी धरू नये म्हणून आत बारा महिने बल्ब जळत असतो ते, आणि स्वतःची ४०० एमएमची लेन्स माझ्या हातात ठेवलीत. तेवढ्यावर न थांबता मे महिन्यात तीन रविवार मला पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, नेलंत.

टिटवीच्या मागे मी धावत सुटले होते. तुम्ही हाक मारलीत, "चेडवा, गाडीत बस. इंजिन बंद कर, खिडकीत पिशवी ठेव, मगे गप रव." लेन्स हलू नये म्हणून तिच्याखाली ठेवायची, काकूंनी जुन्या जीन्सची शिवलेली, दोन किलो उकडे तांदूळ भरलेली ती पिशवी! दहा वाजता कातळ तापून हवा थरथरायला लागली, तेव्हा म्हणालात, "आता फोटो पाण्याखालून काढल्यासारखो येतलो. घराक चल."

काका, लडाखमधल्या हानले गावाच्या वाटेवर हेच कामी आलं. लेहहून न्योमा, लोमा करत सुमारे २५० किलोमीटर, बराच वेळ सिंधू सोबतीला. डोंगरांवर झाड म्हणून नाही; जांभळे, गंजाच्या रंगाचे, मधेच शेवाळी उघडे कडे. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे मिरगात एका दिवसात तेवढा कोसळतो. पण उन्हात तापलेल्या त्या माळावर दुपारी हवा अगदी आपल्या सड्यासारखी थरथरते. दूरचे क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं, पाय नसल्यासारखे तरंगताना दिसतात.

पहिल्या दिवशी पुढच्या एका गाडीनं कळपामागे माळावर चाकं घातली. इतक्या विरळ हवेत गाभण माद्या उधळल्या, बघवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. कळप लांब दिसताच रस्त्यावरच थांबलो, इंजिन बंद, खिडकीत पिशवी. पाऊण तास काही नाही. मग एक मादी चरत चरत स्वतःहून जवळ आली, मागे शिंगरू. तांबूस पाठ, पांढरं पोट, पाठीच्या कण्यावरून गेलेली काळी रेघ. शिंगराच्या ओठांना धूळ चिकटलेली, ती फोटोत कणाकणानं दिसते. मी बारा फोटो काढले आणि रडले.

शेवटच्या रात्री होमस्टेच्या ताईंनी त्याच तांदळाची पेज केली. चार हजार मीटरच्या वर पाणी लवकर उकळतं पण तांदूळ शिजत नाही, शेवटी कुकर लावला. तांदूळ कुठले, त्यांनी विचारलं. मी तुमचं आणि काकूंचं नाव सांगितलं.

रविवारी लेन्स आणून देते. पिशवीत नवे तांदूळ भरलेत. शिंगराची मोठी प्रिंट तुमच्याच हातून काढून हवी आहे.

तुमची,
सड्यावरची विद्यार्थिनी