'नुसतं एमबीबीएस' म्हणजे काय हो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजकालची डॉक्टर पोरं खेड्यात जायला नाक मुरडतात असं पत्र परत एकदा तुमच्या पेपरात वाचलं म्हणून लिहायला बसलेय. मी सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर मेडिकल ऑफिसर आहे, म्हणजे सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा द्या नाहीतर 10 लाख रुपये दंड भरा, त्यातली मी सेवावाली. आणि खरं सांगायचं तर येताना मीपण नाक मुरडलं होतं, पण ते खेड्यामुळे नाही.

साडेचार वर्षं कॉलेज, वर 12 महिने इंटर्नशिप, एवढं करून चुलत बहिणीच्या हळदीला गेले तर मामा विचारतात, "मग कशातली डॉक्टर गं तू?" म्हटलं एमबीबीएस झालं. "ते ठीकय, पण नुसतं एमबीबीएस ना?" हे 'नुसतं' आमच्या अख्ख्या बॅचच्या डोक्यात बसलंय. त्यामुळे इंटर्नशिपमध्ये जिथं टाके घालायला, डिलिव्हरी करायला हात बसायचा, तिथं आम्ही वॉर्डच्या कोपऱ्यात मोबाईलवर नीट पीजीचे, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायच्या प्रवेश परीक्षेचे, प्रश्न सोडवत असतो (मीपण सोडवलेत, सोवळी नाहीये मी). 200 प्रश्न, साडेतीन तास, चुकलं की मार्क कापणार. बरं तारखेचापण भरवसा नाही, 2024 ला 23 जूनचा पेपर आदल्या रात्री पुढं ढकलला, पोरं परगावी लॉजवर जाऊन बसलेली, आणि झाला कधी तर 11 ऑगस्टला.

आता इथली गोष्ट सांगते. ऑक्टोबरात रात्री दीडला एका काकांना आणलं, कांद्याला पाणी धरायला गेले होते, शेतीला लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते ना, तर घोट्याला साप चावलेला. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायचं गोठलंय का. परीक्षेत हा एका ओळीचा प्रश्न असतो, मी तो कितीदा तरी बरोबर सोडवलाय. पण इथं त्यांचा मुलगा डोक्यावर उभा, "म्याडम नुसतं बघत काय बसलाय, सुई द्या की!" ती 20 मिनिटं मला अजून आठवतात. रक्त पाण्यासारखंच राहिलं, म्हणजे विष भिनलंय, घोणस नाहीतर फुरसं असणार. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन ओळखीच्या सीनियरना फोन लावले, कोणी उचलला नाही, एवढ्या रात्री कोण उचलणार. शेवटी आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन भरून ठेवलंय, तुम्ही चालू करा." सापाच्या विषावरच्या औषधाच्या 10 व्हायल (बाटल्या) सलाईनमधून सोडल्या आणि मग 108 बोलावून पुढं पाठवलं. काका वाचले, दिवाळीनंतर पिशवीभर कांदे घेऊन आले.

असल्या खेड्यातल्या केंद्रातच मोठं कामपण झालंय. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर मेडिकल ऑफिसर होते, विंचू चावलेली माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन कशी दगावतात ते पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी लिहून ठेवलं, 1982 मध्ये ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि पुढं प्राझोसिनच्या साध्या गोळीनं किती जीव वाचले. ते मोठ्या हॉस्पिटलात दिसलंच नसतं, कारण तिथं पोचेपर्यंत पेशंट राहायचाच नाही.

मला पगार वाढवा, क्वार्टर रंगवा असलं काही म्हणायचं नाहीये (क्वार्टरला आतून कडी बसवली तर बरं होईल, ते जाऊ दे). पण बाँडवरच्या पोरांसाठी रात्री दोनलापण फोन उचलेल असा एक सीनियर जिल्ह्यातून नेमून द्या की, एवढं एकच झालं तरी निम्मी भीती जाईल. आम्ही पळतो ते गावाला भिऊन नाही हो, आपल्या हातून कोणी जाईल आणि विचारायला जवळ कोणी नसेल, याला भिऊन.

माझा बाँड पुढच्या महिन्यात संपतोय. त्या रात्री वापरलेल्या 10 व्हायलच्या जागी नवीन अजून आल्या नाहीत, मागणीपत्र दोनदा पाठवलंय, तिसरं नवीन येणाऱ्या डॉक्टरसाठी टेबलावर लिहून ठेवलंय.

आपली,
एक मेडिकल ऑफिसर
(कृपया नाव छापू नये)