तुझं पाकीट परत पाठवतोय

प्रिय संज्या,

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसत्या निळ्या टिका. म्हणून कागदावर लिहून तुझ्या भाच्याच्या हाती बार्शीला पाठवतोय. सोबत तुझं दहा हजारांचं पाकीट आहे, जसंच्या तसं. "कुणी दिलं ते सांगू नको, फक्त पोचव" म्हणालास. नाही पोचवणार मी.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन आलो. तुझ्या टेम्पोनं उडवलेला माणूस जिवंत आहे, आधी एवढं वाच. मांडीचं हाड मोडलंय, आत रॉड घातलाय, डोक्याला टाके आहेत, पण शुद्धीवर आहे. यंत्रमागावर कामाला आहे, पाळी सुटून सायकलवर घरी निघाला होता. बायको विड्या वळते. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात मांडीवर सूप घेऊन बसली होती. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हात थांबत नव्हते. नवरा आत असा पडलेला आणि हिला विड्या सुचतात, असं क्षणभर मनात आलं. पण तिथं मजुरी हजार विड्यांमागं मिळते, बसून राहिलं तर कोण देणार? मी पोलिसातला असेन असं वाटून तिनं विचारलं, "साहेब, गाडीचा नंबर कळला का?" मी नुसती मान हलवली. तुझ्या टेम्पोचा नंबर मला पाठ आहे बे!

आता नीट ऐक. गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रनच्या योजनेत त्याला गंभीर जखमी म्हणून ५०,००० रुपये मिळतील. मेला असता तर २ लाख. पुढं काही नाही. गाडी सापडली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागतो. औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पाय अधू राहिला तर पुढची कमाई, असं सगळं धरून रक्कम ठरते आणि ती तुझ्या थर्ड पार्टी विम्यातून जाते. विमा चालू आहे, लायसन्स आहे, तू प्यालेला नव्हतास. दरवर्षी हप्ता भरताना बोटं मोडतोस तो ह्याच्यासाठीच असतो. म्हणजे तू लपून बसलायस तोवर त्या बाईच्या हक्काचे पैसे अडवून बसलायस. तुझे दहा हजार तिथं कुठं पुरणार?

वहिनी सांगत होत्या, जेवण टाकलंयस, भगवंताच्या देवळात तासन्‌तास बसतोस. बस की. पण त्यानं त्या माणसाचा पाय जुळायचा नाही.

लोक दगड घेऊन धावले म्हणून पळालो म्हणतोस. पटतं मला. अक्कलकोट रोडला त्या वेळी मी असतो तर मीही गाडी थांबवली असती की नाही, छातीठोक सांगवत नाही. जमावाची भीती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात जखमीला दवाखान्यात न्यायला सांगितलंय, आणि जमाव खवळलेला असेल तर त्यातून सूटही दिलीय. पण जवळच्या ठाण्यात, फार तर २४ तासांत, कळवायचं हेही तिथंच लिहिलंय. तू मात्र तडक बार्शी गाठलीस. वाटेत एकही ठाणं लागलं नाही होय?

आणि धडक देऊन पळालं की दहा वर्षांची शिक्षा, ते डोक्यातून काढ. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाले संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते त्याच कलमावरून. ते माणूस दगावला तरचं आहे, आणि सरकारनं ते अजून लागूच केलेलं नाही. तुझ्यावर निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, भरधाव गाडी चालवणं, न कळवता निघून जाणं अशी कलमं लागतील. जामीन होतो त्यात. माझ्या ओळखीच्या वकिलांशी बोललोय, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले, पोलिसांनी सीसीटीव्हीवरून शोधून आणण्याआधी आपल्या पायानं आलेला बरा.

टेम्पोचा डावा इंडिकेटर फुटलाय, तो बदलू नको. धुऊ पण नको. भिंतीकडं तोंड करून ताडपत्री टाकलीयस ती काढ. गल्लीतल्या पोरांनाही कळतंय काय झालंय ते.

सोमवारी सकाळी दहाला जुना पुणे नाक्यावर ये. आरसी, लायसन्स, विम्याचे कागद, आधार, झेरॉक्स दोन-दोन. वकीलसाहेब थेट ठाण्यात येतील. टेम्पो जप्त होईल, महिनाभराची भाडी दुसऱ्याला लावून दे, टॉवेलवाल्या शेटला मी सांगतो. वहिनींना आधी तू सांग, माझ्याकडून कळायला नको.

नाही आलास तर मंगळवारी मी बार्शीला येतोय.

तुझा,
बाळ्या